स्फोटाआधी पकडलं ते बरोबरच. पण मग खटला कधी?

मासुंदा
मंगळवार, सकाळी ८:४०

पडघ्याजवळच्या बोरिवलीत छापे पडल्याची बातमी आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तासाभरात दोन तट पडतात. एक म्हणतो सगळ्यांना फासावर द्या, दुसरा म्हणतो हे सगळं रचलेलं आहे. आरोपपत्र अजून कुणी पाहिलेलंही नसतं. मला या विषयावर नीट, सावकाश बोलायचंय, म्हणून हा धागा. ठाणे, मुंब्रा, कल्याण, नवी मुंबईतल्यांनी जरूर लिहा, कारण गोष्ट आपल्या दाराशी आहे.

३१ मे २००८ ला वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला आणि वेळेत निकामी झाला. ४ जूनला आपल्या गडकरी रंगायतनच्या पार्किंगमध्ये मात्र स्फोट झाला, सात माणसं जखमी झाली. कारण काय, तर एका नाटकाला विरोध. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंबरोबर इराकला गेले आणि तिथून आयसिसकडे गेल्याचं उघड झालं. जानेवारी २०१९ मध्ये एटीएसनं, म्हणजे राज्य पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकानं, मुंब्रा आणि औरंगाबादमधून नऊ जणांना पकडलं, त्यातला एक अल्पवयीन. जमावाच्या अन्नापाण्यात विष कालवायचा कट होता, असा आरोप. डिसेंबर २०२३ मध्ये एनआयएनं, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तपास यंत्रणेनं, पडघा-बोरिवली आणि इतर ठिकाणी छापे घालून पंधरा जणांना अटक केली. त्यातला प्रमुख आरोपी साकिब नाचन याला २००२-०३ च्या मुंबई स्फोटांच्या खटल्यात शिक्षा झालेली होती, ती भोगून तो २०१७ मध्ये सुटला होता. जून २०२५ मध्ये तो न्यायालयीन कोठडीत असतानाच दिल्लीच्या रुग्णालयात वारला. नव्या आरोपांवर निकाल लागलाच नाही. आता त्याच्यापुरता तो कधीच लागणार नाही.

यात दोन्ही धर्मांची माणसं आहेत हे मुद्दाम दाखवून ठेवते. चर्चा त्या वाटेनं नेऊ नका.

माझं म्हणणं असं. बाहेरून कुणी घुसला तर गोष्ट वेगळी, पण इथेच जन्मलेला, इथल्याच शाळेत शिकलेला मुलगा काहीतरी भयंकर करायच्या तयारीत आहे असं यंत्रणेला कळलं, तर बॉम्ब फुटायची वाट बघा असं कुठलाही शहाणा माणूस म्हणणार नाही. तेव्हा आधी पकडायलाच हवं. पण घटना घडलेली नसताना पकडलं की पुराव्याचं स्वरूप बदलतं. हातात उरतात ते मेसेज, भेटीगाठी, डाउनलोड केलेल्या फाइली, खबऱ्याचं म्हणणं. म्हणजे चुकीचा माणूस सापडायची शक्यता इथे जास्त. आणि नेमकं इथेच आपला कायदा त्या माणसाला वर्षानुवर्षं आत ठेवतो, खटला न चालवता. अटक लवकर आणि निकाल वीस वर्षांनी, हे मला अन्यायाचं वाटतं. आरोपी दोषी असला तरीही, नसला तरीही.

घोडबंदर
मंगळवार, सकाळी ९:१५

ताई, लेख चांगला आहे, पण मी विरोधात लिहिणार आहे.

लंडनचं उदाहरण घ्या. २००४ मध्ये तिथे एका भाड्याच्या गोदामात ६०० किलो अमोनियम नायट्रेट ठेवलेलं आहे हे कर्मचाऱ्यांमुळे पोलिसांना कळलं. पोलिसांनी गुपचूप ते खत बदलून निरुपद्रवी पदार्थ ठेवला, पाळत ठेवली, मग सगळ्यांना उचललं. पाच जणांना २००७ मध्ये जन्मठेप झाली. इथपर्यंत सगळे टाळ्या वाजवतात. पण त्याच पाळतीत आणखी दोघे दिसले होते. त्यांच्याविरुद्ध तेव्हा ठोस काही नव्हतं, म्हणून त्यांच्यामागे कुणी लागलं नाही. तेच दोघे ७ जुलै २००५ च्या बॉम्बस्फोटांतले हल्लेखोर निघाले. ५२ माणसं गेली.

तुमच्या न्यायाच्या कसोटीवर त्या दोघांना सोडणं बरोबरच होतं. त्या ५२ घरांना हे कोण समजावणार? संशयाचा फायदा घरफोडीत देऊ, खुनातही देऊ. इथे देता येत नाही.

साकेत
मंगळवार, सकाळी १०:०२

पोलिस खात्यातून निवृत्त झालो. दहशतवादविरोधी कामात थेट नव्हतो, पण बंदोबस्त, पंचनामे, घरच्यांची समजूत घालणं हे खूप केलंय.

घोडबंदर म्हणतात ती भीती आमच्या लोकांच्या डोक्यावर कायम असते. माहिती कधीच पूर्ण मिळत नाही. "अमुक मुलगा हल्ली वेगळं बोलतो" इथपासून ते "अमुक तारखेला अमुक ठिकाणी" इथपर्यंत तिच्या पायऱ्या असतात, आणि बहुतेक वेळा तुम्ही मधल्याच पायरीवर असता.

पण उचलणं हा एकच उपाय नाही, हे लोकांना माहीत नसतं. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्यातली सोळा वर्षांची मुलगी ऑनलाइन आयसिसच्या माणसांच्या संपर्कात आली होती. एटीएसनं तिला आरोपी केलं नाही. घरच्यांना बरोबर घेऊन, धर्माचे जाणकार आणि समुपदेशक यांच्याकडून तिच्याशी बोलणं केलं. राज्यात अशी बरीच मुलं परत वळवली गेली. यात आई-बापांची मदत लागते, आणि ती तेव्हाच मिळते जेव्हा आई-बापाला खात्री असते की आपण सांगितलं म्हणून पोरगं दहा वर्षं आत जाणार नाही.

मासुंदा
मंगळवार, सकाळी १०:२०

साकेतकाका, शेवटच्या वाक्यासाठी मनापासून आभार. कल्याणच्या प्रकरणात मुलगे नाहीसे झाल्यावर घरचेच पोलिसांकडे गेले होते.

घोडबंदर, तुमचं उदाहरण मला पटतं, पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष नाही. ते दोघे सुटले कारण त्यांच्यावर पाळत चालू ठेवली गेली नाही. त्यांना पुराव्याशिवाय डांबणं हाच एक पर्याय उरला होता असं त्यातून दिसत नाही. आणि खत बदलून ठेवणं हे तर आधीच थांबवण्याचं फार सुंदर उदाहरण आहे. धोका शून्यावर आणला, पुरावा पूर्ण होऊ दिला, तीन वर्षांत निकाल लावला.

कोर्टनाका
मंगळवार, दुपारी १:३५

वकिली करतो. कायद्याची बाजू मांडतो, लांबेल.

पहिली गोष्ट, घटना घडायच्या आधी पकडायला वेगळा कायदा लागत नाही. युएपीएच्या, म्हणजे बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्याच्या, कलम १८ मध्ये कट करणं, चिथावणी देणं, दहशतवादी कृत्याची तयारी करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षा किमान पाच वर्षं, कमाल जन्मठेप. कलम २० मध्ये दहशतवादी टोळीचं किंवा संघटनेचं सभासद असणं हाही गुन्हा, तिथेही जन्मठेपेपर्यंत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की नुसतं सभासदत्व पुरेसं नाही, हिंसेशी संबंध हवा. मार्च २०२३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं ते मत रद्द ठरवलं. म्हणजे सरकारच्या हातात हत्यारं भरपूर आहेत.

याशिवाय राष्ट्रीय सुरक्षा कायदा आहे, १९८० चा. त्यात तर गुन्ह्याचा खटलाच नाही. पुढे काही करेल या अंदाजावर बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येतं. सल्लागार मंडळ बघतं, पण तिथे वकील मिळणं हा हक्क नाही. आणि ही तरतूद कुणी गुपचूप घुसवलेली नाही, घटनेच्या २२ व्या कलमातच प्रतिबंधक स्थानबद्धतेला जागा आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात.

दुसरी गोष्ट, अडचण जामिनात आहे. एरवी आरोपपत्राला ६० किंवा ९० दिवस मिळतात, युएपीएमध्ये ते १८० पर्यंत वाढवून मिळतात. मग येतं कलम ४३-ड (५). सरकारी कागदांवरून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटायला वाजवी कारण असलं, तर जामीन देताच येत नाही. २०१९ च्या वटाली निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची खोलात चिकित्सा करायची नाही. परिणाम असा की साक्षीदार खोटा बोलतोय हे मला दाखवायचं असेल तर उलटतपासणीची वाट बघावी लागते, आणि उलटतपासणी खटला सुरू झाल्यावर. माझा अशील तोवर आत.

फेब्रुवारी २०२१ मध्ये नजीबच्या प्रकरणात न्यायालयानं एक दार उघडलं. आरोपी पाच वर्षांहून जास्त आत होता, २७६ साक्षीदार तपासायचे बाकी होते. खटला वाजवी मुदतीत संपणार नसेल तर कलम ४३-ड घटनेतल्या जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काच्या आड येऊ देता येणार नाही, असं म्हटलं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं कल्याणच्या त्या चौघांपैकी परत आलेल्या तरुणाचा जामीन कायम केला. सहा वर्षांहून जास्त आत होता, हजेरीच्या कडक अटी घातल्या. स्वतःची बाजू त्यानं स्वतःच कोर्टात मांडली होती.

पण नजीबचं दार सगळ्यांसाठी सारखं उघडत नाही. कुठल्या पीठासमोर प्रकरण जातं यावर बरंच ठरतं. हे मी रोज बघतो.

घोडबंदर
मंगळवार, दुपारी २:१०

वकीलसाहेब, माहितीबद्दल आभार. पण एनआयएच्या खटल्यांत शिक्षेचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आहे असं ते सांगतात. मग चुकीची माणसं आत आहेत हे कशावरून?

कोर्टनाका
मंगळवार, दुपारी २:५०

रास्त प्रश्न. दोन आकडे शेजारी ठेवा. २०२१ मध्ये राज्यसभेत सरकारनं दिलेल्या उत्तरानुसार २०१६ ते २०१९ या काळात युएपीएखाली ५,९२२ जणांना अटक झाली आणि १३२ जणांना शिक्षा. यावरून बाकीचे सगळे निर्दोष असा अर्थ काढू नका, बहुतेकांचे खटले सुरूच नव्हते झाले. पण मुद्दा तोच आहे. एनआयएचं प्रमाण निघतं ते निकाल लागलेल्या खटल्यांवरून. न लागलेल्यांचं काय?

आणि त्या शिक्षांमध्ये गुन्हा कबूल करणारेही असतात. मालवणीच्या आयसिस प्रकरणात दोघांनी गुन्हा कबूल केला, २०२२ मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली. त्यातली सहा त्यांनी कच्च्या कैदेत आधीच काढलेली होती. हे दोघे दोषी नव्हते असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की सहा वर्षं आत काढलेल्या माणसासमोर "कबूल कर, दोन वर्षांत घरी" आणि "लढ, किती वर्षं लागतील देव जाणे" असे दोन रस्ते असतात तेव्हा त्याच्या कबुलीवरून खरं काय ते कळत नाही.

मुलुंड_पूर्व
मंगळवार, संध्याकाळी ७:४५

ऑफिसमधून येताना पूर्ण धागा वाचला. दुसऱ्या बाजूनं लिहिते.

१३ मार्च २००३ ला मुलुंडला कर्जत लोकलच्या बायकांच्या डब्यात स्फोट झाला तेव्हा माझी मावशी शेजारच्या डब्यात होती. जीव वाचला. डाव्या कानानं ऐकू येणं गेलं ते गेलंच. अजूनही आपण तिच्या डाव्या बाजूनं बोललो की ती पूर्ण वळते, आणि वळताना आधी वर, सामानाच्या फळीकडे बघते. घरी सोफ्यावर बसलेली असली तरी.

त्या खटल्याचा निकाल २०१६ मध्ये लागला. तेरा वर्षं. तोवर मावशी निवृत्त झाली होती. निकालाच्या दिवशी तिनं पेपर वाचला आणि बाजूला ठेवला. "त्याच वर्षी झालं असतं तर पटलं असतं," म्हणाली.

मग गेल्या वर्षी ७/११ चा निकाल. २००६ मध्ये पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांमध्ये स्फोट, १८० हून जास्त माणसं गेली, त्यातला एक मीरा रोडजवळ. २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयानं सगळ्यांना सोडलं. सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली पण त्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. दहा दिवसांनी, ३१ जुलैला मालेगाव २००८ च्या खटल्यातले सातही आरोपी सुटले. सतरा वर्षांनी.

मावशीनं मला फोन करून एवढंच विचारलं, "मग केलं कुणी?"

घोडबंदरदादा, तुम्ही त्या ५२ घरांचं विचारलंत. आमचं घर त्यांतलं नाही, पण जवळचं आहे. आम्हाला कुणालातरी धरलंय याचं समाधान नको असतं. ज्यानं केलं त्याला धरलंय हे हवं असतं. चुकीचा माणूस आत असला की खरा बाहेर असतो, आणि तो पुढची तयारी करू शकतो. मासुंदाताईंनी आरोपीवरच्या अन्यायाबद्दल लिहिलंय. हा आमच्यावरचाही अन्याय आहे.

येऊरकर
मंगळवार, रात्री ८:०५

मुलुंड_पूर्व, वाचून सुन्न झालो. मावशींना नमस्कार सांगा.

रेतीबंदर
मंगळवार, रात्री १०:३०

मुंब्र्यात राहतो, खासगी क्लास घेतो. घरी उर्दू, कामात मराठी. लिहू की नको या विचारात होतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत पहाटे एका यंत्रणेची माणसं आली. कुठली ते लिहीत नाही. वरच्या मजल्यावरच्या मुलाला चौकशीला नेलं. घरातून काय काय नेलं त्याची यादी त्याच्या आईनं मला वाचायला दिली, कारण पंचनामा मराठीत होता आणि तिला मराठी वाचता येत नाही. तीन मोबाइल, दोन पेनड्राइव्ह, बहिणीचा लॅपटॉप, एक अरबी शिकायचं पुस्तक, आणि अकरावीचं केमिस्ट्रीचं पाठ्यपुस्तक. शेवटच्या ओळीपाशी मी थांबलो. ते पुस्तक माझ्या क्लासचं होतं, पहिल्या पानावर माझं नाव होतं.

मुलाला तिसऱ्या दिवशी सोडलं. आरोप काही नाही. पोलिसांनी मारलं वगैरे नाही, तो स्वतःच सांगतो की नीट वागले. लॅपटॉप मात्र खूप महिने परत आला नाही, आणि बहिणीच्या बारावीच्या नोट्स त्यातच होत्या. मुलाची ऐरोलीतली नोकरी गेली. मालकानं कारण दिलं नाही. मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. हे कुठल्याही खटल्यात येत नाही, कुठल्याही आकड्यात दिसत नाही.

साकेतकाका, तुम्ही म्हणता तसं समुपदेशन आमच्याकडे लोकांना हवंय. दोन आई-बाप माझ्याकडे येऊन बोलले आहेत की पोरगा रात्र-रात्र काय बघतो कळत नाही, कुणाला सांगू? मी काय सांगू त्यांना? पोलिसांकडे जा म्हणालो आणि उद्या त्याच जबाबावर मुलगा आत गेला तर ते मला आणि स्वतःला कधी माफ करणार नाहीत. नका जाऊ म्हणालो आणि उद्या काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही.

त्यातल्या एका मुलाशी मी बोलत असतो. सध्या क्रिकेटच्या नेटवर येतो.

साकेत
बुधवार, सकाळी ७:१०

सर, तुम्ही करताय ते काम आमच्या खात्यातल्या दहा माणसांना जमणार नाही. पण एकट्यानं ओझं घेऊ नका. मुलाच्या बोलण्यात एखादी जागा, तारीख, वस्तू आली, कुणी बाहेरचा माणूस त्याला पैसे किंवा सूचना देतोय असं दिसलं, तर त्याच दिवशी कळवा. तिथे थांबायचं नाही. नुसता राग, नुसते व्हिडिओ, नुसते प्रश्न असतील तर ते बोलण्याचं काम आहे.

बेएरियातली_ठाणेकर
बुधवार, सकाळी ९:५०

जन्म नौपाड्यातला, आता कॅलिफोर्नियात. इथली एक गोष्ट सांगते, कारण रेतीबंदर सरांच्या इमारतीतला तो मुलगा आणि इथला हा मुलगा यांत फरक फक्त नशिबाचा आहे.

लोडाय हे इथलं शेतीचं छोटं गाव. तिथल्या एका पाकिस्तानी वंशाच्या, पण अमेरिकेतच जन्मलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला, हमीद हयातला, जून २००५ मध्ये एफबीआयनं अटक केली. वडील आइस्क्रीमची गाडी चालवायचे. त्याच्याभोवती एक खबऱ्या लावला होता, ज्याला सरकारनं दोन लाख डॉलरहून जास्त दिले. रात्रभर चाललेल्या चौकशीत मुलानं पाकिस्तानात प्रशिक्षण घेतल्याचं कबूल केलं. कबुलीतले तपशील एकमेकांशी जुळत नव्हते. कुठलाही ठरलेला हल्ला कोर्टासमोर आला नाही. शिक्षा झाली २४ वर्षांची. २०१९ मध्ये ती रद्द झाली, कारण त्याच्या वकिलानं तो त्या काळात कुठे होता हे सांगणारे साक्षीदार बोलावलेच नव्हते. पुढच्या वर्षी सरकारनं आरोप मागे घेतले. तोवर चौदा वर्षं गेली.

न्यूयॉर्कजवळच्या न्यूबर्गचं प्रकरण तर याहून वाईट. एफबीआयच्या खबऱ्यानं चार गरीब माणसांना अडीच लाख डॉलरचं आमिष दाखवलं, नकली बॉम्ब पुरवले, ठिकाणं निवडून दिली. २००९ मध्ये अटक, मग २५ वर्षं. २०२३ मध्ये त्याच न्यायाधीशांनी त्यातल्या तिघांची सुटका केली, आणि सरकारनंच गुन्हा घडवून आणल्याबद्दल कडक शब्दांत लिहिलं.

इथे लोक म्हणतात की निदान कोर्टानं चूक सुधारली. मला ते समाधान पटत नाही. पण एक गोष्ट भारतापेक्षा बरी आहे. अटकेपासून वर्ष-दोन वर्षांत ज्यूरीसमोर खटला चालतो. चुकीचा निकाल लागला तर तो चुकीचा आहे असं म्हणायला तरी काहीतरी हातात असतं. निकालच नसेल तर अपील कशावर करणार?

घोडबंदर
बुधवार, सकाळी १०:४०

मुलुंडताईंचा आणि रेतीबंदर सरांचा प्रतिसाद वाचून रात्री झोप नाही आली. माझं मत पूर्ण बदललेलं नाही, ते प्रामाणिकपणे सांगतो. पडघ्यासारख्या ठिकाणी, जिथे आधी शिक्षा झालेला माणूस पुन्हा त्याच आरोपात सापडतो, तिथे मी जामिनाच्या विरोधातच राहीन. पण पहिल्यांदाच सापडलेला, हातून काही घडलेलं नाही असा वीस-बावीस वर्षांचा मुलगा सहा वर्षं निकालाशिवाय, हे चूक आहे. यावर उपाय जामीन की जलद खटला? मला जलद खटला हवा.

खारघर_सेक्टर
बुधवार, सकाळी ११:२५

तळोजा कारागृहाच्या रस्त्यानं रोज जातो. भेटीच्या दिवशी फाटकाबाहेर गावाहून आलेल्या बायका पिशव्या घेऊन बसलेल्या असतात. कपडे, औषधाच्या चिठ्ठ्या. एकदा उन्हात एका आजीला पाणी दिलं तेव्हा विचारलं, नातवाची केस कुठवर आली? म्हणाल्या, तारीख पडते.

एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी, फादर स्टॅन स्वामी याच तुरुंगात होते. ८४ वर्षांचे, पार्किन्सनचा आजार, पेला हातात धरता येत नव्हता. ऑक्टोबर २०२० मध्ये अटक, ५ जुलै २०२१ ला कोठडीत असतानाच मुंबईच्या रुग्णालयात मृत्यू. खटला सुरूही झाला नव्हता. त्यांच्या विचारांशी माझं पटत नाही. पण ८४ वर्षांचा, पाणी प्यायला नळी लागणारा माणूस पळून जाईल म्हणून आत ठेवला, याला मी सुरक्षा म्हणू शकत नाही.

कोर्टनाका
बुधवार, दुपारी २:००

घोडबंदर, जलद खटला हा कायद्यातच आहे! एनआयए कायद्याचं कलम १९ वाचा. विशेष न्यायालयातला खटला कामकाजाच्या सगळ्या दिवशी रोजच्या रोज चालवायचा, आणि त्याला आरोपीवरच्या इतर खटल्यांपेक्षा अग्रक्रम द्यायचा, असं तिथे लिहिलंय. प्रत्यक्षात त्याच न्यायाधीशांकडे इतर कामं असतात, कधी सरकारी वकील नसतो, कधी आरोपीला तुरुंगातून आणायला पोलिस नसतात. कधी बचावाचे वकीलही तारखा मागतात, हेही सांगायला हवं, आमचा व्यवसाय यात धुतल्या तांदळासारखा नाही.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं केंद्र आणि राज्य सरकारला सुनावलं, की या खटल्यांसाठी स्वतंत्र न्यायालयं उभारली नाहीत तर आरोपींना जामीन देण्यावाचून पर्याय राहणार नाही. मला हाच मार्ग बरोबर वाटतो. सरकारला कडक जामीनबंदी हवी असेल तर तिची किंमत म्हणून मुदत पाळावी. नाही पाळली तर बंदी आपोआप सुटावी.

मासुंदा
बुधवार, संध्याकाळी ६:१५

हेच मला म्हणायचं होतं, वकीलसाहेबांनी माझ्यापेक्षा नेमकं म्हटलं.

आणि हे होत नाही असं नाही. ज्या प्रकरणापासून मी सुरुवात केली ते गडकरी-वाशीचं प्रकरण बघा. जून २००८ मध्ये अटका, ऑगस्ट २०११ मध्ये निकाल. सहा आरोपी होते. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली, चौघे निर्दोष सुटले. तीन वर्षांत. कुणाला निकाल आवडला असेल, कुणाला नसेल. पण त्या चौघांना सतरा वर्षं थांबावं लागलं नाही. तीच एटीएस, तीच मुंबईची न्यायालयं, तोच काळ. तेव्हा आपली व्यवस्था हे करूच शकत नाही हे मी मानायला तयार नाही.

दुसरी गोष्ट भरपाईची. अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ मध्ये सहा जणांना निर्दोष सोडलं, काही जणांनी दहा-अकरा वर्षं आत काढली होती, तिघांना फाशीची शिक्षा झालेली होती. भरपाई मागितली ती नाकारली गेली. विधी आयोगानं २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी भरपाईचा कायदा सुचवला. तो झालेला नाही. आधीच थांबवण्यासाठी समाजाच्या वतीनं आपण कुणाची तरी वर्षं घेतो. ती चुकून घेतली असतील तर समाजानंच ती भरून द्यावी. पैशात भरत नाहीत, पण निदान तेवढं तरी.

घोडबंदर, आधी शिक्षा झालेल्या माणसाबद्दल तुमचं मत मी समजू शकते. तिथेही माझी मागणी एकच, की तारीख ठरवा. नाचनच्या बाबतीत दीड वर्षात तो माणूसच गेला आणि आरोप खरे होते की खोटे, दोन्ही बाजूंना कधी कळणार नाही.

रेतीबंदर
बुधवार, रात्री ९:४०

वकीलसाहेब, एक व्यवहाराचा प्रश्न. पहाटे पुन्हा कुणाच्या दारात माणसं आली, तर घरच्यांनी नेमकं काय करायचं? आमच्याकडे सगळे घाबरून गप्प राहतात किंवा आरडाओरडा करतात.

कोर्टनाका
बुधवार, रात्री १०:२०

अडवायचं नाही, आवाज चढवायचा नाही. आलेल्यांचं नाव, हुद्दा, कुठल्या ठाण्याचे किंवा यंत्रणेचे ते लिहून घ्यायचं. अटक आहे की चौकशीला बोलावणं, हे स्पष्ट विचारायचं. अटक असेल तर अटकेची कारणं लेखी मागायची. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं युएपीएच्या प्रकरणातही ती लेखी देणं बंधनकारक असल्याचं सांगितलंय, आणि न दिल्यामुळे त्या प्रकरणातली अटकच बेकायदा ठरवली. २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो समजेल अशा भाषेत वाचून दाखवायला सांगायचं आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत घ्यायची. लॅपटॉप, मोबाइल नेले तर त्यांचे क्रमांक यादीत आहेत का ते बघायचं.

वकील परवडत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. कोठडीतल्या माणसाला, तसंच कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

रेतीबंदर
बुधवार, रात्री १०:४५

आभारी आहे. हे उर्दूत आणि हिंदीत लिहून क्लासच्या बोर्डावर लावतो. वकीलसाहेब, एखाद्या रविवारी मुंब्र्यात येऊन आई-वडिलांशी बोलाल का? साकेतकाका, तुम्हीही. जागा मी बघतो.

साकेत
गुरुवार, सकाळी ६:५५

येतो. रविवार कुठलाही चालेल, सकाळी अकराच्या आधी ठेवा.

कोर्टनाका
गुरुवार, सकाळी ९:३०

मीही येतो. सर, निरोप पाठवलाय, बघा.